कॉन्फिग फाईल बिघडली, आता नीट विचारायचं कसं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लिनक्सच्या कॉन्फिग (म्हणजे सेटिंगच्या) फाईलींबद्दल मदत मागताना लोक ज्या गोष्टींवर अडतात ते प्रश्न इथे एकत्र केलेत. कमांड आणि फाईलींची नावं देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायची. सगळं एका दमात वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

१. फाईल एडिट केली आणि आता चालत नाहीये. विचारताना कमीत कमी काय सांगू?

चार गोष्टी. तुम्हाला काय व्हायला हवं होतं, तुम्ही नेमकं काय बदललं, त्यानंतर काय झालं, आणि मशीन स्वतः काय म्हणालं ते जसंच्या तसं. "चालत नाही" हे या चारांपैकी एकही नाही, कारण चालत नाही म्हणजे सर्व्हिस सुरूच होत नाही, की सुरू होऊन बंद पडते, की सुरू आहे पण नवीन सेटिंग मानत नाही? तिन्हीची उत्तरं पूर्ण वेगळी आहेत.

उदाहरण घेऊ. एफएसटॅब म्हणजे बूटच्या वेळी कुठली डिस्क कुठे माउंट करायची (जोडायची) ते सांगणारी फाईल. "एफएसटॅब खराब झाली, हेल्प" असं विचारलं की समोरचा आधी पाच उलटे प्रश्न विचारणार. त्याऐवजी असं: "उबुंटू २४.०४ सर्व्हर. दुसरी डिस्क बूटच्या वेळी /डेटा वर आपोआप माउंट व्हावी म्हणून एफएसटॅबमध्ये शेवटी एक ओळ टाकली. रीबूट केल्यावर दीड मिनिट थांबतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. ती ओळ कॉमेंट केली की नीट बूट होतं. ओळ, बीएलकेआयडीचं आउटपुट आणि जर्नलमधल्या त्या माउंटच्या ओळी खाली देतोय." हे वाचून जाणकार माणूस बहुतेक वेळा एकाच उत्तरात विषय संपवतो, कारण दीड मिनिट म्हणजे सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था, जर्नल हा तिचाच लॉग) डिव्हाइसची वाट बघते ते डिफॉल्ट ९० सेकंद, म्हणजे यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक, बीएलकेआयडी कमांड तो दाखवते) चुकलाय किंवा डिस्क दिसतच नाहीये. बघा, "दीड मिनिट" हा तुम्हाला फालतू वाटणारा तपशीलच कामाला आला.

२. डिस्ट्रो (उबुंटू, डेबियन वगैरे) आणि व्हर्जन सांगणं खरंच गरजेचं आहे का? लिनक्स म्हणजे लिनक्सच ना?

गरजेचं आहे. स्टॅटिक (न बदलणारा) आयपी द्यायचा एवढंच घ्या. उबुंटू सर्व्हरवर ते नेटप्लॅनच्या यामल (इंडेंटवर चालणाऱ्या) फाईलीत जातं, साध्या डेबियनवर बहुतेक वेळा ईटीसी (सेटिंगचा फोल्डर) मधल्या नेटवर्क फोल्डरातल्या इंटरफेसेस फाईलीत, आणि रेड हॅट ९ वर नेटवर्कमॅनेजरच्या कीफाईलीत. तुम्ही व्हर्जन सांगितलं नाही तर समोरचा स्वतःच्या मशीनवर जे आहे ते सांगणार, तुम्ही ते करणार, काहीच होणार नाही, आणि दोघंही वैतागणार.

ईटीसी मधली ओएस-रिलीज ही फाईल कॅट करून (कॅट फाईलीतला मजकूर दाखवतं) पाठवा, आणि ज्या प्रोग्रॅमचा प्रश्न आहे त्याचं व्हर्जन. कर्नल व्हर्जन ड्रायव्हरचा किंवा बूटचा प्रश्न असेल तरच. रॅम किती, लॅपटॉप कुठला, हे एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या प्रश्नात कुणी विचारत नाही.

३. पूर्ण फाईल पाठवू की फक्त ती ओळ?

एफएसटॅबसारखी छोटी असेल तर पूर्ण. मोठी असेल तर कॉमेंट आणि रिकाम्या ओळी गाळून पूर्ण (एक अपवाद आहे, तो प्रश्न ११ मध्ये). फक्त एक ओळ पाठवली की गोची अशी होते की ती ओळ कुठल्या ब्लॉकच्या आत आहे ते दिसत नाही, आणि अर्ध्या वेळा दुखणं तिथेच असतं. एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये (लांबून लॉगिन करायच्या एसएसएच सर्व्हरची फाईल) शेवटी काहीतरी जोडलं आणि ते वरच्या एखाद्या मॅच ब्लॉकमध्ये गेलं, म्हणजे ते फक्त त्या युजरलाच लागू, असं सर्रास होतं.

एनजिनएक्समध्ये एरर १४ व्या ओळीवर दाखवतो पण सेमीकोलन विसरलेलं असतं १३ व्या ओळीवर, कारण पार्सरला (फाईल वाचणाऱ्या भागाला) गडबड पुढच्या ओळीवर कळते. म्हणून तुकडाच पाठवायचा असेल तर एररवाल्या ओळीच्या आधीच्या दहा ओळी तरी पाठवा. आणि ओळ नंबर सांगताना मूळ फाईलीतला सांगा, कॉमेंट गाळल्यानंतरचा नाही.

४. मी फाईलीत स्पष्ट लिहिलंय तरी सिस्टीम ऐकत नाही. हे विचारायचं कसं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आणि माझं ठाम मत आहे की कॉन्फिगच्या प्रश्नांत निम्मा गोंधळ इथेच असतो: तुम्ही पाठवता तुम्ही लिहिलेली फाईल, आणि सिस्टीम वाचते भलतंच काहीतरी. त्यामुळे प्रश्न विचारायच्या आधी सिस्टीमलाच विचारा की बाई तू काय वाचलंस, आणि ते उत्तर प्रश्नासोबत द्या.

एसएसएचसाठी रूट (अ‍ॅडमिन युजर) म्हणून "एसएसएचडी -टी", इथे टी कॅपिटल, सगळ्या फाईली वाचून शेवटी लागू झालेल्या सेटिंग छापतं. छोटा टी दिला तर फक्त तपासणी होते. एनजिनएक्सलाही तसंच आहे, छोटा टी तपासतो, कॅपिटल टी तपासून सगळ्या जोडलेल्या फाईलींसकट पूर्ण कॉन्फिग छापतो. सिस्टमडीच्या सर्व्हिससाठी "सिस्टमसीटीएल कॅट" आणि पुढे सर्व्हिसचं नाव, म्हणजे मूळ युनिट फाईल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) आणि तिच्यावर चढवलेले तुकडे सगळे एकत्र दिसतात.

नेहमीचा किस्सा: पासवर्ड लॉगिन बंद करायला पासवर्डऑथेंटिकेशन नो लिहिलं, रीस्टार्ट केलं, तरी पासवर्ड चालतोच. उबुंटूमध्ये मुख्य फाईलीच्या वरच्या भागातच इन्क्लूडची ओळ असते आणि ती एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरातल्या फाईली आधी ओढून घेते. क्लाउड सर्व्हर असेल तर तिथे बऱ्याचदा ५०-क्लाउड-इनिट नावाची फाईल बसलेली असते आणि तिच्यात येस लिहिलेलं असतं. एसएसएचडी पहिली मिळालेली किंमत धरतं, नंतरची सोडून देतं. गंमत अशी की सिस्टमडीचे ड्रॉप-इन (वर म्हटलेले चढवलेले तुकडे) आणि सिससीटीएल.डी मधल्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाईली बरोबर उलट वागतात, तिथे नंतरची जिंकते. म्हणून "मी शेवटी टाकलंय, म्हणजे तेच लागणार" हे गृहीत धरून प्रश्न लिहू नका, फोल्डरात कुठल्या फाईली आहेत त्यांची यादी द्या.

५. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवला तर चालेल ना?

मशीन बूटच होत नसेल तर चालेल, दुसरा मार्गच नसतो. बाकी वेळी टेक्स्ट पाठवा. फोटोतून कुणी यूयूआयडी बघून बघून टाइप करणार नाही, आणि फोटोत टॅब आणि स्पेस सारखेच दिसतात. यामलमध्ये इंडेंटसाठी टॅब चालत नाही, त्यामुळे नेटप्लॅनच्या प्रश्नात तर फोटो जवळजवळ निरुपयोगी.

शंका असेल तर "कॅट -ए", ए कॅपिटल, वापरून फाईल पाठवा. टॅब असेल तिथे टोपीवाला आय (^I) दिसतो, ओळ संपते तिथे डॉलर. डॉलरच्या आधी टोपीवाला एम दिसला तर फाईल विंडोजवर एडिट झालीय आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर चिकटलंय. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या सेटिंगमध्ये सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात, दोन डॅशचा एक लांब डॅश होतो, ते पण यात पकडलं जातं. टेक्स्ट पाठवतानासुद्धा कोड म्हणून पाठवा, नाहीतर स्पेस गिळल्या जातात आणि समोरच्याला तुमचं यामल वेगळंच दिसतं.

६. लॉग खूप मोठा आहे, त्यातलं काय पाठवू?

ज्या सर्व्हिसचा प्रश्न आहे तिचाच, आणि याच बूटचा. "जर्नलसीटीएल -यू" पुढे सर्व्हिसचं नाव आणि "-बी". सिस्टमसीटीएल स्टेटस पाठवलं तर बरं, पण ते शेवटच्या दहाच ओळी दाखवतं आणि लांब ओळी कापून टाकतं, म्हणून "-एल" लावा.

लोक शेवटची एरर पाठवतात, हवी असते पहिली. शेवटी "फेल्ड टू स्टार्ट" असं काहीतरी येतं, ते फक्त निकाल सांगतं. कारण दहा-वीस ओळी वर असतं. सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करा, वेळ बघून ठेवा, आणि त्या क्षणापासून पुढचं सगळं पाठवा. मधल्या ओळी "महत्त्वाच्या नाहीत" म्हणून गाळू नका. महत्त्वाच्या कुठल्या ते कळलं असतं तर विचारावंच लागलं नसतं ना.

७. प्रश्न मराठीत विचारला तर चालेल का? एरर पण मराठीत लिहू?

प्रश्न खुशाल मराठीत विचारा, समोरच्याला मराठी येत असेल तर उलट जास्त नीट सांगाल. एरर मात्र शब्दशः, आहे तशी इंग्रजीत. "परमिशन नाही म्हणतो" यातून काही कळत नाही, कारण परमिशन डिनाइड आणि ऑपरेशन नॉट परमिटेड या दोन वेगळ्या एरर आहेत आणि बऱ्याचदा कारणंही वेगळी असतात. सिस्टीमची भाषाच मराठी किंवा हिंदी ठेवली असेल तर कमांडच्या आधी "एलसी_ऑल=सी" लावून परत चालवा, मेसेज इंग्रजीत येतो आणि शोधायलाही सोपा पडतो.

८. तपासणी "ओके" म्हणते, मग चूक कुठे? हे कसं मांडू?

तपासणी व्याकरण बघते, तुमच्या मनातलं नाही. त्यामुळे "सिंटॅक्स ओके आहे" हे सांगाच, पण त्यासोबत बदल लागू कसा केला तेही सांगा. रीलोड, रीस्टार्ट की रीबूट? यात पुष्कळ जण अडकलेले असतात. युनिट फाईल बदलली तर आधी डीमन-रीलोड लागतं. डिफॉल्ट फोल्डरातली बूटलोडरची ग्रब फाईल बदलली तर उबुंटू-डेबियनवर अपडेट-ग्रब चालवल्याशिवाय ती बूटपर्यंत पोचतच नाही. सिससीटीएलच्या फाईली "सिससीटीएल --सिस्टम" ने किंवा रीबूटने वाचल्या जातात.

एनजिनएक्सचा एक चकवा लक्षात ठेवा, रीलोड करताना नवीन कॉन्फिग चुकीचं निघालं तर तो जुन्यावरच चालू राहतो. साइट मस्त चालतेय म्हणून तुम्हाला वाटतं सगळं ठीक, आणि महिन्याभराने कुणीतरी सर्व्हर रीबूट करतं तेव्हा साइट उठतच नाही. एफएसटॅबचं पण तसंच, चूक रीबूटलाच उघडी पडते, म्हणून एडिट केल्या केल्या "फाइंडएमएनटी --व्हेरिफाय" आणि "माउंट -ए" चालवा आणि दोन्हीचं आउटपुट प्रश्नात टाका.

९. मी काहीच बदललं नाही, आपोआप बंद पडलं. मग काय लिहू?

"मी हाताने काही बदललं नाही" असं लिहा, ते खरं असतं. पण मशीनने बदललं असेल. उबुंटू-डेबियनवर व्हार-लॉग-एपीटी मधली हिस्टरी फाईल बघा, रेड हॅटच्या घराण्यात "डीएनएफ हिस्टरी". आदल्या रात्री काही अपडेट झालं असेल तर ते प्रश्नात पहिल्या दोन ओळींत यायला हवं. कॉन्फिगच्या शेजारी डीपीकेजी-डिस्ट, डीपीकेजी-ओल्ड, आरपीएमन्यू, आरपीएमसेव्ह अशी शेपटी असलेली फाईल दिसली तर अपडेटने नवीन फाईल बाजूला ठेवलीय किंवा तुमची जुनी बाजूला सारलीय, दोन्हीतला फरक डिफ काढून पाठवा.

याशिवाय डिस्क भरलीय का आणि सर्टिफिकेटची मुदत संपलीय का हे दोन बघून टाका. त्याला कॉन्फिगचा काही संबंध नसतो आणि तरी लोक दिवसभर कॉन्फिग खोदत बसतात.

१०. पासवर्ड, आयपी वगैरे लपवायचं की नाही?

पासवर्ड, प्रायव्हेट की, टोकन, वायफायची की हे काढायचंच. आयपी आणि डोमेन झाकायचं असेल तर खोडू नका, बदला, आणि सगळीकडे सारखंच बदला. तीन वेगवेगळे आयपी असताना सगळीकडे एक्सएक्सएक्स लिहिलं की दोन फाईलींतला आयपी जुळतोय का हेच बघता येत नाही, आणि नेमका तोच प्रॉब्लेम असू शकतो. उदाहरणासाठी राखून ठेवलेले पत्ते आहेतच, २०३.०.११३ ने सुरू होणारे किंवा १९२.०.२ ने सुरू होणारे वापरा, आणि डोमेनसाठी एक्झाम्पल डॉट कॉम.

१९२.१६८ वाले घरचे आयपी लपवायची गरज नाही, ते सगळ्यांच्याच घरी असतात. डिस्कचा यूयूआयडी पण गुपित नाही आणि तो झाकला तर एफएसटॅबच्या प्रश्नाचा जीवच जातो. चुकून पासवर्ड गेलाच असेल तर मेसेज डिलीट करून निवांत बसू नका, पासवर्ड बदला.

११. मी बदल करतो आणि थोड्या वेळाने किंवा रीबूटनंतर फाईल परत जुनी होते. काय सांगू?

मग प्रश्न "फाईलीत काय लिहू" असा विचारूच नका, "ही फाईल कोण लिहितंय" असा विचारा. प्रश्न ३ मधला अपवाद तो हा: इथे फाईलीच्या वरच्या कॉमेंट पाठवायच्याच, कारण आपोआप तयार होणाऱ्या फाईली बऱ्याचदा वरच लिहून ठेवतात की मी अमक्याने बनवलीय, हात लावू नका. सोबत "एलएस -एल" चं आउटपुट. रिझॉल्व्ह.कॉन्फ (डीएनएसची फाईल) बऱ्याच मशीनवर खरी फाईल नसतेच, ती सिमलिंक (दुसऱ्या फाईलीकडे बोट दाखवणारी) असते, आणि आत १२७.०.०.५३ दिसलं तर समजा मध्ये सिस्टमडी-रिझॉल्व्हड बसलंय, खरा डीएनएस दुसरीकडे ठरतोय.

डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं) असेल तर फाईल कंटेनरच्या आतली की बाहेरची ते स्पष्ट लिहा. एकच फाईल बाइंड माउंट केली (बाहेरची कंटेनरच्या आत जोडली) असेल तर अजून एक भानगड होते: काही एडिटर सेव्ह करताना जुन्या जागी नवीन फाईल ठेवतात, आणि कंटेनर जुन्या फाईलीलाच धरून बसतो. बाहेर नवीन दिसतं, आत जुनं. आत जाऊन कॅट केलं आणि दोन्ही आउटपुट पाठवले की लगेच उघडं पडतं.

१२. मी साधा प्रश्न विचारला, "एफएसटॅबमध्ये ७७७ कसं द्यायचं", आणि उत्तराऐवजी "तुला करायचंय काय" असं का विचारतात?

कारण ७७७ (सगळ्यांना सगळ्या परमिशन) हा तुमचा प्रश्न नसतो, तुम्ही मनात शोधलेलं उत्तर असतं. बहुतेक वेळा मूळ अडचण अशी की एनटीएफएस किंवा एक्सफॅट डिस्क लावलीय आणि साध्या युजरला तिच्यावर लिहिता येत नाही. सीएचमॉड (परमिशन बदलणारी कमांड) करून बघितलं, फरक नाही, म्हणून ७७७ चा हट्ट. खरं म्हणजे एक्सफॅटसारख्या फाईलसिस्टिममध्ये लिनक्सचे मालक-परमिशन साठवायला जागाच नाही, ते माउंट करतानाच ठरतात, म्हणून एफएसटॅबच्या ऑप्शनमध्ये यूआयडी आणि जीआयडी (युजर आणि ग्रुपचे नंबर) द्यायचे, पहिल्या युजरचा साधारण १००० असतो.

तेव्हा मूळ काम आधी सांगा, मग तुमचा उपाय, मग तो कुठे अडला. उलटा प्रश्न आला म्हणून राग मानू नका, तो बहुतेक वेळा कामाचा असतो. आगाऊपणे विचारणारेही असतात म्हणा, त्यांना सोडून द्या.

१३. यूट्यूबवरून, एआयकडून मिळालेले बरेच उपाय करून झालेत. सगळे सांगू?

सांगा, पण क्रमाने, आणि कुठला बदल अजून फाईलीत आहे आणि कुठला परत काढला ते लिहून. पाच जणांचे पाच उपाय एकाच फाईलीत साचलेले असतील तर मूळ प्रॉब्लेम शिल्लक आहे की नाही हेच कळत नाही. जमलं तर मूळ फाईलीवर परत या, एकच बदल करा आणि तेवढ्याचाच प्रश्न विचारा. एडिट करण्याआधी कॉपी ठेवली नसेल तर पॅकेजमधून मूळ फाईल परत काढता येते, तेच विचारा, लाजू नका.

१४. सर्व्हर लांब आहे आणि मी स्वतःच बाहेर अडकलो. अशा वेळी पहिलं वाक्य काय?

"माझ्याकडे कन्सोल आहे" किंवा "नाही". कन्सोल म्हणजे नेटवर्कशिवाय थेट सर्व्हरचा स्क्रीन. बाकी सगळं नंतर. होस्टिंगच्या पॅनेलमधून कन्सोल किंवा रेस्क्यू मोड मिळत असेल तर रस्ता वेगळा, काहीच नसेल तर वेगळा. दुसरं वाक्य: एखादं जुनं एसएसएच सेशन अजून उघडं आहे का. असेल तर देवाशपथ बंद करू नका, एसएसएचडी रीस्टार्ट केलं तरी चालू सेशन साधारणपणे टिकतं आणि तेच तुमचं दार.

अजून अडकला नसाल तर हे विचारायची वेळच येऊ देऊ नका, नेटप्लॅन अप्लायऐवजी नेटप्लॅन ट्राय वापरा, १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर ते जुनी सेटिंग परत आणतं.

सुडोर्सचं (सुडोने अ‍ॅडमिनची कामं कुणी करायची ते ठरवणारी फाईल) वेगळं आहे. चुकीच्या ओळीमुळे सुडोच बंद पडलं असेल तर "पीकेएक्झेक व्हीसुडो" चालतं का ते बघून सांगा. आणि सुडोर्स.डी मधली फाईल वाचलीच जात नसेल तर तिचं नाव सांगा, कारण नावात टिंब असेल तर सुडो ती गुपचूप वगळतं. "रमेश.कॉन्फ" असं छान नाव ठेवलं की संपलं.

१५. उबुंटूवर एसएसएचचा पोर्ट बदलला, प्रश्न ४ प्रमाणे तपासलं तर नवीनच दिसतोय, तरी सर्व्हर जुन्यावरच ऐकतोय. हे कसं?

इथे प्रश्न ४ चा उपाय अपुरा पडतो. उबुंटू २२.१० पासून पोर्टवर ऐकायचं काम एसएसएच.सॉकेट हे सिस्टमडीचं युनिट करतं. एसएसएचडी फक्त जोडणी आल्यावर जागं होतं, त्यामुळे त्याने काय वाचलं याला पोर्टपुरता अर्थ राहत नाही. २४.०४ मध्ये पोर्ट परत एसएसएचडी_कॉन्फिगमधूनच घेतला जातो, पण डीमन-रीलोड करून सॉकेट रीस्टार्ट केल्यावर. तेव्हा प्रश्नात व्हर्जन, सॉकेट चालू आहे की नाही, आणि "एसएस -टीएलएनपी" मधली ती ओळ, म्हणजे पोर्ट खरंच कुणी धरलाय ते द्या.

रेड हॅट किंवा फेडोरावर हाच प्रश्न असेल तर एसईलिनक्स (परमिशनवरची जादा सुरक्षा) चालू आहे का ते सांगा. तिथे नवीन पोर्टला आधी सीमॅनेजने परवानगी द्यावी लागते, नाहीतर फाईल बरोबर, परमिशन बरोबर, आणि तरी परमिशन डिनाइड.

१६. कधी चालतं, कधी नाही. दाखवायला गेलं की नेमकं चालतं. हे कसं विचारू?

कधी चाललं आणि कधी नाही याची नोंद ठेवा आणि दोन्ही वेळचं आउटपुट शेजारी ठेवून पाठवा, फक्त बिघडलेलं नको. एफएसटॅबमध्ये डिस्क एसडीबी नावाने लिहिली असेल तर पेनड्राइव्ह लावून बूट केलं की नावं सरकू शकतात, आणि चांगल्या-वाईट दोन बूटचं "एलएसबीएलके -एफ" शेजारी ठेवलं की ते कुणालाही दिसेल. नेटवर्कवरचं शेअर असेल तर ते नेटवर्क येण्याआधीच माउंट व्हायला धावतं का, हे दोन्ही बूटच्या जर्नलमधल्या वेळांवरून कळतं. मागच्या बूटचा लॉग "-बी -१" ने मिळतो. तो मिळाला नाही तर जर्नल डिस्कवर साठत नाहीये, आधी ते चालू करा आणि पुढच्या वेळी बिघडल्यावर विचारा.